आठ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर चित्र उड्या मारतंय? आधी हे तपासा

माळ्यावरचा प्रोजेक्टर खाली काढला, पुसला, रीळ चढवलं. बल्ब लागला, मोटर फिरली. दोन मिनिटं आजी-आजोबा भिंतीवर नीट चालताना दिसले आणि मग चित्र वर-खाली उडायला लागलं. ही तक्रार घेऊन आलेली यंत्रं मी आता मोजत नाही. युमिग, एल्मो, चिनॉन, बेल अँड हॉवेल, कोडॅक, नाव कुठलंही असो, दुखणं बहुतेकदा हेच असतं. आणि दहातल्या सात-आठ वेळा ते यंत्र उघडावं न लागता बरं होतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

लक्षणं

"उडतंय" म्हणताना चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. तुमची कोणती, ते आधी ठरवा.

पहिली आणि सगळ्यात जास्त दिसणारी: चित्र अचानक उडतं, माणसं वर-खाली ओढल्यासारखी लांबट होतात, उभे फराटे दिसतात. त्याच क्षणी आवाज बदलतो. शिलाई मशीनसारखी एकसुरी टरटर चालू असते, तिची खडखड होते. याला लूप सुटणं म्हणतात.

दुसरी: फराटे नाहीत, पण चित्र सतत बारीक थरथरतंय. तिसरी: उडी मोजक्या ठिकाणीच येते. केक कापताना दरवेळी, इतर वेळी कधीच नाही. चौथी: सुरुवात झकास, पण पाच-दहा मिनिटांनी यंत्र तापलं की त्रास सुरू.

भिंतीवर वर पाय आणि खाली डोकं दिसत असेल, मधे काळी पट्टी असेल आणि चित्र स्थिर असेल, तर तो बिघाड नाही. फ्रेमिंगची कळ फिरवा, काम झालं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवतो. चित्र जागेवर आहे पण लुकलुकतंय, आणि यंत्र अमेरिकेहून कुणीतरी आणलेलं आहे, तर दोष बहुधा विजेचा असतो. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी करता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. साध्या एसी मोटरचा वेग हर्ट्झवर चालतो, त्यामुळे सेकंदाला १८ फ्रेमचं यंत्र १५ वर येतं. तीन पात्यांचं शटर, म्हणजे दिव्याचा उजेड मधे मधे अडवणारी फिरती चकती, असेल तर पडद्यावर सेकंदाला ५४ वेळा उजेड पडायचा, तो ४५ वेळाच पडतो आणि डोळ्यांना ती उघडझाप जाणवते. काही यंत्रांत मोटरच्या पुलीला दोन पायऱ्या असतात, ५० ची आणि ६० ची. पट्टा दुसऱ्या पायरीवर चढवला की झालं. यंत्र भिंतीत खोचण्याआधी मागचा व्होल्टेजचा खटका कुठल्या आकड्यावर आहे, तेवढं मात्र प्रत्येकाने बघायचंच.

लूप म्हणजे काय, तो सुटतो का

गेटमध्ये, म्हणजे लेन्सच्या मागच्या त्या अरुंद खाचेत, फिल्म सरळ वाहत नाही. ती थांबते, उजेड पडतो, पुढे सरकते, पुन्हा थांबते. सेकंदाला १८ वेळा. हे काम क्लॉ करतो. ती एक नखासारखी छोटी कळ असते, फिल्मच्या कडेच्या छिद्रात शिरते, फिल्म एक फ्रेम खाली ओढते, बाहेर येते आणि परत वर जाते. स्प्रॉकेट, म्हणजे फिल्म ओढणारं दातेरी चाक, मात्र न थांबता गोल फिरत असतं. एक थांबत-थांबत चालणारा आणि एक सतत चालणारा, या दोघांना जुळवून घ्यायला गेटच्या वर आणि खाली फिल्मचं सैल वळण ठेवलेलं असतं. तो लूप.

क्लॉने एक छिद्र चुकवलं की फिल्म जागेवरच राहते, पण खालचं स्प्रॉकेट ओढतच राहतं. खालचा लूप एका फ्रेमने आखडतो. आणखी दोन-तीन छिद्रं चुकली की तो संपतो, फिल्म ताणली जाते आणि शटर उघडं असतानाच गेटमधून ओढली जाते. तेच ते फराटे. म्हणजे खरा प्रश्न "क्लॉ छिद्र का चुकवतोय" एवढाच आहे, आणि खालची प्रत्येक तपासणी या एका प्रश्नाचं उत्तर शोधते. सुपर ८ च्या पन्नास फुटी रिळात ३६०० फ्रेम असतात. सव्वातीन मिनिटांत क्लॉला ३६०० वेळा अचूक शिरायचंय.

सगळ्यात आधी: घरची फिल्म बाजूला ठेवा

यावर मी हट्टी आहे. घरगुती फिल्म बहुतेक सगळी रिव्हर्सल असते. जी फिल्म कॅमेऱ्यातून गेली तीच धुऊन परत आली आणि तीच तुमच्या हातात आहे. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. क्लॉने फाडलेलं छिद्र फाटलेलंच राहतं.

तपासणीसाठी रद्दी फिल्म मिळवा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कार्टूनची, जाहिरातींची सुटी रिळं मिळतात. पंचवीस-तीस फूट पुरतात. आधी यंत्र फिल्मशिवाय चालवा, मग रद्दी फिल्म दिवा बंद ठेवून, मग दिवा लावून. दिवा बंद का, तर फिल्म गेटमध्ये अडकली आणि दिवा चालू असला तर बघता बघता फ्रेमच्या मध्यावर तपकिरी फोड येतो. तो मी एकदा एका मुंजीच्या रिळात येताना पाहिलाय. बटूच्या चेहऱ्यावरच आला. त्यानंतर दिवा लावून पहिली चाचणी मी कधी घेतली नाही.

या रद्दी फिल्मने अर्धं निदान आपोआप होतं. रद्दी फिल्म नीट चालली आणि घरची उडाली तर दोष फिल्ममध्ये. दोन्ही उडाल्या तर यंत्रात.

खर्च नसलेल्या तपासण्या

फिल्म कोणती आहे ते बघा. १९३२ पासूनची साधी ८ आणि १९६५ ची सुपर ८, दोन्हींची रुंदी आठच मिलिमीटर, म्हणून गल्लत होते. फिल्म उजेडात धरा. छिद्र मोठं आणि दोन फ्रेमच्या सांध्यावर असेल तर साधी ८. छिद्र बारीक आणि फ्रेमच्या मध्याशी असेल तर सुपर ८. रिळाच्या मधल्या भोकावरूनही कळतं, साध्या ८ चं लहान आणि सुपर ८ चं मोठं असतं. पण घरोघरी फिल्म या रिळावरून त्या रिळावर गुंडाळलेली असते, तेव्हा खरं मानायचं ते फिल्मवरच्या छिद्राला. दोन्ही चालवणाऱ्या यंत्रांवर खटका असतो, काहींचे गेट किंवा स्प्रॉकेटही बदलावे लागतात. तो खटका चुकीच्या बाजूला असेल तर क्लॉ छिद्राऐवजी फिल्मवर आपटत राहतो. सुपर ८ ची किती तरी रिळं या एका खटक्यापायी कडेने चिरलेली मी पाहिली आहेत.

मग लूप पुन्हा बसवा. यंत्र थांबवा, हाताने फिरवायची गुंडी असेल तर हळू फिरवा आणि क्लॉ छिद्रात शिरताना डोळ्यांनी बघा. काही यंत्रांवर लूप परत आणायची छोटी कळ असते, ती एकदाच दाबायची. दर दहा सेकंदांनी ती दाबून रीळ संपवायचं, हा उपाय नाही.

आपोआप फिल्म ओढून घेणारं यंत्र असेल तर फिल्मचं टोक बघा. दुमडलेलं, कुरतडलेलं, वळलेलं टोक आत वाकडं शिरतं आणि लूप पहिल्यापासूनच चुकीचा पडतो. बऱ्याच यंत्रांना टोक कापायची कात्री अंगावरच दिलेली असते. ती वापरा, पण चित्र कापू नका. सुरुवातीला कोरी फिल्म, म्हणजे लीडर नसेल तर तीन-चार फूट जोडून घ्या. वर्षानुवर्षं यंत्रात अडकलेले सगळे पहिले क्षण, म्हणजे गणपती येताना, नवरी उतरताना, लीडर नसल्यामुळेच फाटलेले असतात.

गेट साफ करणं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्मी दुखणी इथेच संपतात.

प्लग काढा. यंत्र गार होऊ द्या. लेन्स ओढून काढली किंवा लेन्सचं दार उघडलं की गेट दिसतं: चौकोनी खिडकी, तिच्या दोन्ही बाजूंना फिल्म टेकते त्या गुळगुळीत पट्ट्या, आणि समोरून फिल्म दाबून धरणारी स्प्रिंगची पट्टी. बॅटरीचा उजेड तिरपा पाडा. त्या पट्ट्यांवर कुठेतरी मधाच्या रंगाचा खडा दिसेल, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. फिल्मवरचं इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, थोडं थोडं घासून उष्णतेने तिथे भाजून बसलेलं असतं. बोटाला काच चिकटल्यासारखं लागतं. एवढासा खडा फिल्म उचलून धरतो, क्लॉचं टोक छिद्रात पुरतं पोचत नाही आणि चित्र उडतं. वर तोच खडा फिल्मवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ ओरखडा काढतो. पडद्यावर न हलणारी उभी रेघ दिसत असेल तर पहिला संशय गेटवर घ्या.

काढायचं कसं? बांबूच्या टूथपिकने. आधी मऊ ब्रशने धूळ झाडा. मग कान कोरायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए म्हणून मागितलं की मिळतं. खड्यावर ती काडी अर्धं मिनिट टेकवून ठेवा, मग टूथपिकने रेटा. निघाला नाही तर पुन्हा भिजवा. घाई नको. स्क्रूड्रायव्हर, ब्लेड, सुई, पॉलिश पेपर, काही म्हणजे काही धातूचं किंवा खरखरीत लावू नका. एका दुकानातून "सर्व्हिस" होऊन आलेलं यंत्र माझ्याकडे आलं होतं, त्याचं गेट स्क्रूड्रायव्हरने खरवडलं होतं. केसाएवढी एक चीर. त्यानंतर त्या यंत्रावर चाललेल्या प्रत्येक रिळावर ती चीर उमटली होती, आणि ती रिळं त्या कुटुंबाची सगळी होती.

आयपीए रबरावर आणि रंगवलेल्या आकड्यांवर जाऊ देऊ नका. क्लॉ बाहेर येतो ती बारीक फट ब्रशने साफ करा, तिथे फिल्मचे तुकडे आणि केस अडकतात. दाबपट्टी बोटाने हलकेच दाबून बघा. ती आत जाऊन लगेच परत यायला हवी. चिकटून राहत असेल तर दाब कमी पडतो आणि चित्र सतत थरथरतं, म्हणजे वर सांगितलेलं दुसरं लक्षण. तिची स्प्रिंग वाकवून ताकद वाढवायच्या भानगडीत पडू नका. सफाईनेच ती बहुधा मोकळी होते.

स्प्रॉकेटचे दातही याच बैठकीत साफ करून घ्या. आणि दर रिळानंतर गेटवरून ब्रश फिरवायची सवय लावा. दहा सेकंदांचं काम आहे.

आता फिल्म

उडी ठरावीक जागीच येत असेल तर ती जागा हाताने शोधा. फिल्मच्या दोन्ही कडा बोटांच्या चिमटीत हलक्या धरून सरकवत जा, सुती हातमोजे घालून. जोड बोटाला लागतो. जुना सिमेंटचा, म्हणजे फिल्मच्या खास गोंदाचा, जोड सुटत आलेला असतो, नाहीतर चिकटपट्टीचा जोड सरकून छिद्रं अर्धी झाकलेली असतात. स्प्लायसरवर, म्हणजे फिल्म जोडायच्या छोट्या साच्यावर, तो जोड नव्याने करा. साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेटोळ्याला चिकटतो. फुजीची सिंगल ८ पॉलिएस्टरची असते, तिला सिमेंट लागतच नाही, पट्टीचाच जोड करावा लागतो. पॉलिएस्टर सहसा तुटतही नाही. अडकली तर यंत्राचा भाग मोडेल, फिल्म नाही.

फिल्मवर पावसाळ्याची पांढुरकी बुरशी असेल, विशेषतः कोकणातल्या घरांतून आलेल्या रिळांवर, तर पाणी लावू नका. बुरशी इमल्शनमधलं जिलेटिन खाते, ओल्या हाताने पुसलं तर चित्रच फडक्यावर येतं. कोरडं, मऊ, धागे न सोडणारं फडकं एवढंच घरी वापरायचं.

मग आकसणं. अॅसिटेटची फिल्म (बहुतेक घरगुती फिल्म याच प्लॅस्टिकची असते) वयाने आकसते. छिद्रांमधलं अंतर कमी होतं आणि क्लॉ मात्र जुन्याच मापाने हात टाकतो. हे घरी मोजता येतं. दोन फुटी स्टीलची पट्टी घ्या, फिल्म तिच्याशेजारी ताण न देता सपाट ठेवा. पहिल्या छिद्राच्या वरच्या कडेपासून सुरू करून १०० छिद्रं पुढे जा, म्हणजे १०१ व्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत. सुपर ८ असेल तर हे अंतर ४२.३ सेंटिमीटर भरायला हवं, साधी ८ असेल तर ३८.१. दोन मिलिमीटर कमी भरलं तर साधारण अर्धा टक्का आकसली. तिथपर्यंत मी सांभाळून चालवतो. चार मिलिमीटर कमी म्हणजे एक टक्का. ती फिल्म मी कुठल्याही प्रोजेक्टरवर चढवत नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर मोजायच्याही आधी थांबा. अॅसिटेट कुजायला लागलंय. तो डबा बाकीच्या रिळांपासून लगेच वेगळा ठेवा, कारण त्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या फिल्मचीही झीज वाढवतं.

पट्टे, रबर आणि तेल

यंत्र तापल्यावर त्रास सुरू होत असेल तर इकडे या. प्लग काढून मागचं झाकण उघडा. रबरी पट्टा तडकलेला, सैल किंवा डांबरासारखा वितळून पुलीला चिकटलेला दिसेल. खालचं रीळ फिरवणारा पट्टा सैल असेल तर फिल्म नीट गुंडाळली जात नाही, साचते आणि परत फिरून स्प्रॉकेटमध्ये अडकते. उलट कुणी फार घट्ट पट्टा घातला असेल तर रीळ फिल्मला हिसके देतं आणि लूप खेचून घेतं. वितळलेलं रबर कापसाने आणि आयपीएने पुसून काढा. दोऱ्याने पुल्यांवरून माप घ्या आणि थोडा कमी घेराचा पट्टा आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत टेपरेकॉर्डरचे पट्टे मिळतात, त्यातला जाडीला जुळणारा चालून जातो. डब्याचं रबरबँड घालू नका, गरम झालं की ते तासाभरात लांबतं.

युमिगच्या बऱ्याच यंत्रांत पट्ट्याऐवजी रबरी चाक घासून फिरतं. यंत्र वर्षानुवर्षं एकाच स्थितीत पडून राहिलं की त्या चाकावर खळगा पडतो. वेगाला ठोक्यागत हिसका बसतो, धप्-धप् असा आवाज येतो. चाकाचा पृष्ठभाग पुसून बघा, खळगा खोल असेल तर चाकच बदलावं लागतं.

तेल शिलाई मशीनचं, एका जागी एक थेंब, तोही यंत्राच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. जास्त झालेलं तेल उडून लेन्सवर आणि फिल्मवर जातं. गंज काढायचा स्प्रे आत मारू नका. तो जुनं ग्रीस धुऊन नेतो आणि आठवड्याभरात यंत्र कोरडं पडतं.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

वरचं सगळं झालं आणि रद्दी फिल्म अजूनही उडतेय, तर क्लॉचं टोक झिजलंय, त्याचा कॅम, म्हणजे त्याला हलवणारी चकती, सैल झालाय किंवा क्लॉ गेटमधून पुरेसा बाहेर येत नाहीये. ती जुळणी मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते आणि शटरच्या वेळेशी बांधलेली असते. क्लॉ काढून परत बसवताना शटर एका दाताने पुढे-मागे झालं तर पांढऱ्या अक्षरांना कायम शेपट्या दिसतात. हे काम घरी करू नका. प्लॅस्टिकचं गिअर तडकलेलं दिसलं तरी यंत्र पुन्हा चालू करू नका. बेल अँड हॉवेलच्या १६ मिलिमीटर यंत्रांत वर्म गिअर तडकणं नेहमीचं आहे, चालवत राहिलात तर त्याचे तुकडे बाकीच्या दात्यांत जातात.

विजेच्या बाबतीत तर विचारच करू नका. मोटर नुसती गुणगुणतेय आणि फिरत नाही, जळका वास आला, धूर दिसला, धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर प्लग काढा आणि तिथेच सोडा. जुना कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या काही यंत्रांत दिव्याजवळच्या तारांवर अस्बेस्टॉसचं वेष्टण असतं. करडं, कापसासारखं, भुगा होणारं काही दिसलं तर फुंकर मारू नका, झाडू नका.

आकसलेल्या, व्हिनेगरच्या वासाच्या किंवा वेटोळी एकमेकांना चिकटलेल्या फिल्मसाठी प्रोजेक्टरचा मेकॅनिक नको, स्कॅन करून देणारा हवा. त्याला एकच प्रश्न विचारा: तुमचं यंत्र छिद्रात दात घालून फिल्म ओढतं की रबरी रोलरवर चालवतं? दात असतील तर फिल्म परत आणा. भिंतीवर प्रोजेक्टर लावून समोरून कॅमेऱ्याने टिपणाऱ्याकडूनही परत आणा.

यंत्र दुरुस्तीला देताना चिठ्ठी लिहा: उडी कधी येते, सुरुवातीपासून की तापल्यावर, आवाज बदलतो का, फराटे येतात का, तुम्ही काय काय साफ केलंत. नुसतं "चालत नाही" सांगितलं तर मेकॅनिक मोटर बघतो, मोटर फिरते आणि यंत्र तसंच परत येतं. चिठ्ठीबरोबर उडी दाखवणारी पंचवीस फूट रद्दी फिल्म त्याच यंत्राच्या रिळावर चढवून द्या. घरचं रीळ डब्यातच राहू द्या.